आबांचा गुडघा आणि माझं आतडं

ऊर्जानगर,
रविवार

आदरणीय जया आत्या,

सप्रेम जयभीम. माझं आतडं सोडून इकडे सगळे बरे आहेत. तुझी कंबर आणि तुमची ती मारकी बकरीही खुशाल असेल असं धरून चालते.

तुला माहीत आहेच, मला क्रोन्स आहे. म्हणजे आतड्याला आतून सूज येते, आणि सुजून सुजून माझं लहान आतडं शेवटी एका जागी आवळलं आहे. मागे नागपूरच्या डॉक्टरबाईंनी मला झोपवून, दुर्बिणीतून तिथे फुगा नेला, फुगवला आणि वाट रुंद केली. ती पुन्हा आवळली. आता गुरुवारी परत फुगा. तोही चालला नाही, तर तेवढा तुकडा कापणार. (हे सगळं माझ्यासमोरच बोलतात. चौदाव्या वर्षी माणसाला ऐकू येत नाही असा घरात समज आहे.)

आबांची सगळी नोकरी पॉवर स्टेशनच्या नळ्या साफ करण्यात गेली, त्यामुळे हा आजार त्यांना आपल्याच खात्यातला वाटला. मागच्या वेळी ते डॉक्टरबाईंना म्हणाले, "बाई, प्रेशर वाढवा न जरासं. आमी तं फुल प्रेशर मारत होतो." बाई म्हणाल्या, "आजोबा, ही नळी जिवंत आहे." आबांना ते पटलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सायकलची ट्यूब चिमटीत धरून माझं आतडं समजावू लागले. लोक पेरू आणत, बोरं आणत. बिया आणि सालं मला बंद. पण परत दिलं तर पाहुणा रुसतो, म्हणून माझ्या वाटचं आबा माझ्यासमोर बसून खात, वर चवही सांगत ("तुरट हाय, तुले आवडला नसता"). शेवटी त्यांचंच पोट बिघडलं आणि आईने आम्हा दोघांना एकाच पातेल्यातली पेज वाढली.

मला झोप लागेपर्यंत फुग्याच्या खोलीत घरच्या एकालाच सोडतात. मागच्या वेळी आबा होते. माझा पाय धरून त्यांनी बॉयलर कसा बंद करतात ते सांगायला घेतलं आणि मी लगेच झोपले. (औषधाचाही थोडा वाटा असावा.) या वेळी मात्र ते म्हणतात, "माहा गुडघा दुखून राह्यला, मी नाई येत." बाबा येतील. मला काही फरक पडत नाही.

तुझी भाची,
संघप्रिया

ता. क. गुडघा दुखत नाही. गेल्या तपासणीत आबांनी विचारलं, "नळी फाटली तं?" बाई हसल्या नाहीत. "सहसा नाही, पण फाटू शकते," म्हणाल्या. तेव्हापासून ट्यूब खिळ्याला टांगलेली आहे आणि आलेले पेरू टोपलीत पडून आहेत.

आणखी ता. क. मला फरक पडतो. मला भीती वाटते, आणि बाबांना बॉयलर येत नाही. आबा फक्त तुझं ऐकतात, म्हणून बुधवारी ये आणि त्यांना गाडीत बसव. मागच्या वेळी मी अर्ध्यातच झोपले. तो बॉयलर शेवटी बंद झाला की नाही, तेही मला अजून कळलेलं नाही.