सेनापतीचा काळा झगा

३ जून
आजपासून शिस्त. टेबलावरच्या युद्धाच्या खेळातला दादाचा सेनापती रविवारपर्यंत रंगवून त्याच्या हातात द्यायचा. मूर्ती दीड इंचाची, पण अंगात पायघोळ काळा झगा. काळ्यावर हायलाइट, म्हणजे उजेडाची छटा, भल्याभल्यांना जमत नाही. मला जमेल. नजर आहे. दादाच्या डोक्यातल्या गाठीबद्दल डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. डॉक्टर काहीही म्हणतात.

५ जून
तंत्र सोपं. काळ्यात कणभर करडा, भरपूर पाणी, पातळ थरावर थर. घडीच्या माथ्यावर उजेड, तळाशी अंधार, मधली रेघ दिसता कामा नये. दिसली. चांगली ठसठशीत. ब्रशचा दोष. नवा आणला.

८ जून, संध्याकाळ
रेघ गेली. काळा रंगही गेला. झगा करडा झालाय, सेनापती शाळेतल्या शिपायासारखा दिसतो. ही म्हणाली, उद्या आहे तसा घेऊन चल. हिला कलेतलं कळत नाही. दादा लहानपणापासून माझी अर्धवट कामंच बघत आलाय, आणखी एक कशाला? सगळ्यावर पुन्हा काळा मारला. पुढच्या रविवारी नक्की.

१२ जून
दादाचा फोन. आवाज खोल गेलाय. सेनापती राहू दे, तू ये, म्हणाला. माझ्यावर दडपण नको म्हणून बोलतो तसं. मोठ्या मनाचा माणूस.

१५ जून
दुपारी जमलं होतं. मग आणखी एकच थर दिला.

१६ जून, रविवार
झगा पुन्हा करडा. ही एकटीच जाऊन आली. दादाने सेनापतीबद्दल काही विचारलं का, म्हटलं. "तुझ्याबद्दल विचारलं," एवढंच बोलली आणि आत गेली. आजकाल हिचा स्वभाव चिडका झालाय.

२० जून
थरांनी झग्याच्या घड्या बुजल्या. हरकत नाही. सपाट पाठीवर रंगानेच घड्या काढतोय. डोळ्यांतून सारखं पाणी येतं, रंगाच्या वासाने. या रंगांना वास नसतो, असं ही म्हणाली.

२३ जून, रविवार
जमला. काळा काळाच राहिला, आणि उजेड कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कळत नाही. आयुष्यात पहिल्यांदा काही पूर्ण केलं. तडक दादाकडे गेलो.

वहिनी दारातच हळूच म्हणाल्या, "भावोजी, बुधवारपासून त्यांना दिसत नाही."

सेनापती त्याच्या हातात दिला. त्याने अंगठा झग्यावरून बराच वेळ फिरवला. "घड्या कुठे गेल्या रे याच्या?"

रंगात आहेत, म्हणालो.

"मग सांग, कशा दिसतात."

सांगायला लागलो. खांद्यापासून सुरुवात केली, कमरेपर्यंत येईतो त्याला झोप लागली. मी तिथेच बसून राहिलो. वहिनींनी चहा आणला, तो निवला.

गेल्या रविवारी आलो असतो, तर त्याला बिघडलेला झगा दिसला असता. मीही दिसलो असतो.