ओळ गेली, फोटो राहिला

३० ऑगस्ट, शनि.
वधू-वर मंडळाचा कॉम्प्युटर भरला. रावेरच्या मुलाची माहिती घातली, पण फोटो काही घेईना. वधू-वरांची सगळी माहिती टेबलात, एका स्थळाला एक ओळ. पण काही ओळींमागे तीन-तीन फोटो, तेही लोक पाठवतात भिंतीवर लावायच्या मापाचे. अध्यक्ष नाना म्हणाले, जुने काढा. जुने म्हणजे ज्यांचं अजून जमलं नाही तेच की.
स्वातीला धुळ्याला फोन केला. लेक कॉलेजात हेच शिकवते, मग बाहेरचा माणूस कशाला. म्हणाली, फोटो क्लाउडवर ठेवू, टेबल तिकडे जोडून देते. पण अट. "जोडून झालं की माझी ओळ काढायची, अण्णा."
गेल्या महिन्यात एक कुटुंब तिला न कळवता कॉलेजात जाऊन बघून आलं. प्रॅक्टिकल चालू असताना दारात उभे. तिचं वय छत्तीस. लग्न करायचं नाही हे चार वर्षं सांगतेय.
हो म्हटलं.

३ सप्टें., बुध.
खातं स्वातीने तिच्याच नावाने उघडलं. फोटो ठेवायच्या जागेला बकेट म्हणतात. बादली. नाना हसले, मग मीही.
टेबल जोडायच्या किल्ल्या दोन, नुसते लांबलचक अक्षर-आकडे, एक साधी, एक गुप्त. गुप्त एकदाच दिसते म्हणाली, म्हणून वहीत उतरवून घेतली. जोडणी होईना. दीड तास गेला. शून्याच्या जागी ओ. "अण्णा, कॉपी-पेस्ट का नाही केलं?" टेलिफोन खात्यात सगळी नोकरी हाताने नोंदी करण्यात गेली, सवय जात नाही. वहीतलं पान जाळायला लावलं. नवी किल्ली, मग लागलं. रावेरचा मुलगा एकदाचा दिसला. जुन्या फोटोंचं फोल्डरही अख्खं तिकडे गेलं.

७ सप्टें., रवि.
लिंकवरून वाद. स्वाती म्हणते, लोकांना आपण पाठवतो ती फोटोची लिंक सात दिवसांनी आपोआप बंद व्हावी. नाना उसळले. "उद्यापासून पितृपक्ष. पंधरा दिवस कोणी स्थळाचं नाव काढत नाही. नवरात्रात लिंक उघडतील तेव्हा काय कोरी पाटी बघायची?"
मुद्दा पटला. मीही नानांकडून.
"मग ज्याच्याकडे लिंक, त्याला फोटो कायम दिसेल. चालेल?"
चालेल म्हटलं. तिने तसं करून दिलं.

८ सप्टें., सोम.
स्वातीची ओळ काढली. सौ.ला सांगितलं. भाकरी थापत राहिली. एवढं शांतपणे घेईल वाटलं नव्हतं. बरं वाटलं.
स्वातीला मेसेज – काढली. तिचा अंगठा आला.

२३ सप्टें., मंगळ.
कालपासून नवरात्र, फोनला उसंत नाही. मुक्ताईनगरहून एक गृहस्थ: तुमच्या मुलीचा फोटो पाहिला, कधी येऊ? म्हटलं, स्थळ काढून घेतलंय, जुनं काही पाहिलं असेल. सौ. कान देऊन ऐकत होती.

२५ सप्टें., गुरु.
शिंदखेड्याकडचे एक जण ऑफिसात. फार संतापलेले. "भाऊ, मन्ही पोरनं लगीन ठरी गयं. तरी तिना फोटो फिरी ऱ्हायना. तिना सासरना लोके काय म्हनतीन?" त्यांनी लग्न ठरल्याचं कळवलं त्याच दिवशी मी ओळ काढली होती. तसं सांगितलं, मग फोटो अजून कसा फिरेल म्हटलं. त्यांनी फोन पुढे केला, लिंक दाबली. पोरगी समोर.
खाली मान घातली. चहा सांगितला तर नको म्हणाले.
स्वाती: ओळ काढली की टेबलातून फक्त पत्ता जातो, फोटो बकेटमध्येच असतो. तो तिथे जाऊन काढावा लागतो. "मग माझा?" मी म्हटलं, बघतो.
शिंदखेड्याच्या पोरीचा फोटो आधी काढला. त्यांना फोन करून सांगितलं.

२७ सप्टें., शनि.
स्वातीने यादी पाठवली, ओळ नसलेले फोटो अजून एक्केचाळीस. फायलींना नावं नाहीत, अक्षर-आकड्यांची माळ. उघडून, खात्री करून काढा म्हणाली.
सकाळी ऑफिसात बसलो. कोणाचं लग्न झालं, कोणी मंडळ सोडलं. चाळीस काढले. एक्केचाळिसावा स्वातीचा. मेहरूण तलावाच्या काठी मीच काढलेला. मला फोनमधला कॅमेरा सापडत नव्हता म्हणून हसतेय.
डबा घेऊन आलेली सौ. मागे उभी. "राहू द्या. एकाने काय बादली भरत नाही." मग कळलं, मुक्ताईनगरला लिंक हिनेच पाठवली होती. मी ओळ काढली त्याच्या आदल्या दिवशी. चिडलो. मोठ्याने बोललो, बोलायला नको होतं. ती म्हणाली, "मग काढा ना. मी कुठे हात धरलाय?"
नाही काढला. फोटो माझ्या फोनमध्ये आहेच, तेव्हा फोटोसाठी नाही. कुणी बरा माणूस तो बघेल असं मलाही वाटतं. हिच्यावर खापर फोडून काय उपयोग.

२८ सप्टें., रवि.
दुपारी स्वातीचा फोन. रविवारचाच, जेवणाचं वगैरे. मग –
"झाले का काढून?"
"हो. म्हणजे एक राहिलाय."
"बरं."
कोणाचा, विचारलं नाही. सौ.शी बोलली, वरणगावच्या मावशीचा गुडघा वगैरे. फोन ठेवला.
मग डोक्यात आलं. खातं तिचं. यादी तिनेच काढलेली. बकेट तिकडून तिला उघडता येते, काय राहिलंय ते दिसतं, एका बोटाने काढताही येतं.

२९ सप्टें., सोम.
सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या आधी बकेट उघडली. फोटो आहे. तिने काढलेला नाही.
माझी वाट बघतेय.