ब्रॉडीला अडवायला मला उभं केलंय

तीर्थरूप आयव्ही आत्या यांस,

क्लॅरीचा साष्टांग नमस्कार. (एरवी हा शब्द हात सवयीने लिहून मोकळा होतो. या वेळी मी तो विचार करून लिहिला आहे. शनिवारी दुपारी तुमच्या कूलमुरीच्या मैदानावर माझी आठही अंगं जमिनीला लागणारच आहेत, तर त्यातली एक-दोन आधीच तुमच्या चरणी पोचती करावीत, एवढाच हेतू.)

तुमची कंबर कशी आहे? यंदाची थंडी गव्हाच्या शेतांवरून सरळ हाडांत येते, तेव्हा पहाटे उठून कोंबड्यांकडे जाऊ नका, त्या आपली अंडी आपण सांभाळतील. ईस्टरला तुमच्याकडे खाल्लेली कोकराची तंगडी अजून जिभेवर आहे. जेवणानंतरची शेरीही, आणि शेरीनंतरच्या गप्पा तर विशेष. आमची सौ. गेल त्या दिवशी भांडी घासायला आत गेली म्हणून त्या गप्पांना मुकली, याची हळहळ मी अधूनमधून तिच्यासमोर व्यक्त करतो. आमच्याकडे सर्व सुखरूप आहे. शनिवार सकाळपर्यंत हे वाक्य खरं धरायला हरकत नाही.

आता मुद्द्याला येतो, म्हणजे मुद्द्याच्या जरा अलीकडे येऊन थांबतो. जिल्ह्याच्या साप्ताहिकात ‘कुंपणकर’ या नावाने दर बुधवारी येत्या सामन्याचं भाकीत कोण लिहितं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हालाच काय, आमच्या बेरिंगलमधल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. मैदानाच्या कुंपणाला पोट टेकून, एका हातात पाय आणि दुसऱ्या हातात सॉसची बाटली घेऊन (हा पाय म्हणजे मटण भरून भाजतात तो, माझा नव्हे, माझ्या पायांविषयी पुढे येईलच) गेली वीस-बावीस वर्षं मी इतरांच्या खेळातल्या चुका दाखवत आलो आहे. कुंपणाच्या या बाजूने खेळ फार सोपा दिसतो. कूलमुरीच्या संघाविषयी या बुधवारी मी जे लिहिलं, तेही त्याच बाजूने लिहिलं होतं. सोमवारी लिहायला बसलो तेव्हा बाहेर ऊन होतं, चहा चांगला झाला होता, आणि शनिवारी मी कुंपणाच्या आत असेन, अशी शंका घ्यायला कुणालाच जागा नव्हती.

मग ते लग्न आलं. आपल्या भागात फुटबॉलच्या हंगामात शनिवारी लग्न करत नाहीत, हे लहान मुलांनाही कळतं. माणूस गेला तरी आपण दफन गुरुवारी उरकतो, म्हणजे पंचांना आणि नातलगांना दोघांनाही सोयीचं जातं. पण आमच्या मधल्या फळीतल्या कॅमने मेलबर्नची मुलगी केली, आणि तिच्या आईला कुणीतरी कॅलेंडर दिलं, हंगामाचं वेळापत्रक दिलं नाही. सुरुवातीला लग्न संध्याकाळी होतं. कॅम आणि त्याचे तीन करवले (तिघेही आमचेच, तिघेही पळणारे) पहिला अर्धा सामना खेळून चिखलासकट गाडीत बसणार, असं ठरलं होतं. बुधवारी रात्री त्या बाईंनी मुहूर्त दुपारी दोनचा केला, म्हणजे मधल्या वर्तुळात पंच चेंडू उडवतो नेमकी ती वेळ. शिवाय दोघांना ताप, आणि एक जण बालीला. बालीहून त्याने समुद्राचा फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं, ‘शुभेच्छा’.

दर मार्चमध्ये मैदानावर मटण भाजायचा कार्यक्रम असतो, आणि त्यात हाताला लागेल त्या पुरुषाचं नाव खेळाडू म्हणून नोंदवतात, हे तुमच्याकडेही चालतंच. जिल्हा फुटबॉल संघटनेला आकडा भरगच्च दिसावा, इतकाच त्यामागचा भाव. आमच्याकडे त्यात पशुवैद्य आहे, शाळेच्या बसचा चालक आहे, पास्टर आहेत आणि मी आहे. आजवर या नोंदणीचा कुणाला त्रास झाला नव्हता. पशुवैद्याची पाठ गेली आहे. बसवाला गेल्या महिन्यात वारला. पास्टरसाहेब उत्तम उंचीचे आणि दमाचे आहेत, पण ते लग्न लावायलाच मेलबर्नला चालले आहेत. उरलो मी. त्रेपन्न वर्षांचा, पोस्ट आणि वर्तमानपत्रांचं दुकान चालवणारा. यंदा एकदा आम्ही माणसं कमी पडली म्हणून सामना सोडून दिला आहे. दुसऱ्यांदा सोडला तर वर्षअखेर क्लब बंद, हे संघटनेने स्पष्ट कळवलं आहे. जर्सीच्या छातीवरचा आमच्या क्लबचा गुलाबी पोपट गेला की बेरिंगलमध्ये उरेल ते धान्याचं कोठार आणि माझं दुकान, आणि दुकानात गप्पा मारायला विषय उरणार नाही. म्हणजे नाही म्हणायची वाट बंद आहे.

आज गुरुवारी सरावानंतर भोपळ्याचं सूप पिताना आमचे कोच रॉस्को यांनी संघ वाचून दाखवला. ते नेहमी मागून पुढे वाचतात. त्यामुळे सगळ्यात पहिलं नाव आपला गोल राखणाऱ्या शेवटच्या बचाववाल्याचं येतं, ज्याला समोरच्यांच्या मुख्य आघाडीवीराला चिकटून उभं राहायचं असतं. ते नाव माझं होतं. कुणी हसलं नाही, आत्या. हसले असते तर बरं वाटलं असतं. रॉस्कोंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की पळायचं वगैरे काही नाही, फक्त ब्रॉडीच्या समोर उभं राहायचं. मी विचारलं, का? तर म्हणाले, तो तुझ्यावर चढेपर्यंत जो वेळ जाईल, तेवढ्यात बाकीचे पोचतील. घरी आल्यावर गेलने कपाटातून पाहुण्या संघाची पांढरी चड्डी काढून माझ्या अंगाला लावून पाहिली, बराच वेळ पाहिली, आणि म्हणाली, निदान तुझ्याकडे बघताना त्यांचं लक्ष तरी विचलित होईल.

आता तुमच्या संघाचं भाकीत करतो, या वेळी छापायला नव्हे, मनातलं सांगायला. तुमचे ते तिघे जेन्श बंधू मेंढ्यांची लोकर कातरतात. दिवसभर एकेका मेंढीला मानेला धरून उलटं बसवायचं आणि गुडघ्यात दाबून ठेवायचं, हे ज्यांचं पोटापाण्याचं काम, त्यांनी शनिवारी विरंगुळा म्हणून माझ्याभोवती जमावं, हे मला योग्य वाटत नाही. तुमच्या बचावात गावचा एकुलता एक पोलीस खेळतो. म्हणजे माझ्या बाबतीत काही गुन्हा घडलाच, तर तक्रार ज्याच्याकडे करायची तो मैदानावर हजर असेल आणि त्याचं कोपर माझ्या बरगडीत असेल. आणि मग आपला ब्रॉडी. तुमचा नातू, आपल्या ट्रेव्हरचा मुलगा. नात्याने मी त्याचा काका. त्याच्या बारशाला मीच त्याला मांडीवर घेतलं होतं आणि मांडी दोन दिवस दुखत होती. तेव्हापासून तो वाढतच गेला आहे. आपल्या या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये दुसऱ्याच्या पाठीवर गुडघे रोवून, खांद्यावर चढून, आकाशातून चेंडू झेलला तर पंच शिट्टी वाजवतो ती झेल मान्य केल्याची, खालच्या माणसासाठी नव्हे. लोक टाळ्या वाजवतात. गाड्यांचे हॉर्न वाजतात. खाली जो असतो त्याचं नाव पेपरात येत नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण मीच कधी दिलेलं नाही.

भीतीचं खरं कारण मात्र वेगळं आहे. आमच्या गावचा नळदुरुस्तीवाला वॉलेस काल तुमच्या मैदानावरच्या न्हाणीघराचं काम करून आला. त्याने सांगितलं की बुधवारचं माझं भाकीत तुमच्या संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत मोठं करून दारावर टाचलं आहे. टाचायची रीत आमच्याकडेही आहे, त्यात काही नाही. चार गरम शब्द वाचून पोरं पेटतात, मैदानात धावत जाताना त्या कागदावर थाप मारतात, खेळ संपला की कागद कचऱ्यात जातो. पण वॉलेस म्हणाला की ब्रॉडीबद्दलच्या ओळी पिवळ्या रंगाने रंगवल्या आहेत, आणि तो स्वतः सराव संपल्यावर त्या कागदासमोर एकटा उभा होता. ओठ हलवत होता. पाठ करत होता.

तुम्ही त्या ओळी वाचल्याच असतील. ‘ब्रॉडी यंदा इतका संथ झाला आहे की त्याच्या सावलीत मेंढ्या बसू लागल्या आहेत,’ ही एक. ‘चेंडू त्याच्या हातात टिकत नाही, ज्याने नवव्या वर्षापर्यंत टबातल्या साबणाला घाबरून आंघोळ टाळली, त्याला निसटत्या वस्तूंची भीती असणं स्वाभाविक आहे,’ ही दुसरी. तिसरी मी इथे लिहीत नाही. ती मोज्यांविषयी आहे, आणि अजूनही ते कोण धुतं त्याविषयी. सोमवारी चहाबरोबर ही तिसरी वाचून मी स्वतःशीच हसलो होतो.

आज दुपारी, म्हणजे संघ जाहीर व्हायच्या आधी, दुकानाचा माल आणायला तुमच्या गावात आलो होतो. पेट्रोल पंपावर ब्रॉडी भेटला. तो रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मी समजू शकलो असतो. आपल्या घराण्यात ते प्रेमातच मोडतं. पण त्याने माझ्या गाडीच्या चारही चाकांत हवा भरून दिली, काच पुसून दिली, आणि मग अगदी मायेने विचारलं, “काका, तुमचा कुठला गुडघा दुखतो हो? डावा ना?”

मी घाईने उजवा म्हणालो. (डावाच आहे. त्यामुळे आता शनिवारी चारही क्वार्टर मला चांगल्या पायाने लंगडावं लागणार.)

“बरं झालं सांगितलंत,” तो म्हणाला. “तुम्ही खेळणार नाही म्हणा. पण माणसं कमी आहेत असं ऐकलं, तर म्हटलं विचारून ठेवावं.”

मी हसून म्हटलं की मी कसला खेळतोय. तोही हसला. एवढा मोठा माणूस आवाज न करता हसतो हे मला आजवर माहीत नव्हतं.

तर अशी परिस्थिती आहे. रात्री उशी पाठीखाली घेऊन झोपायचा सराव करणार आहे. हे पत्र उद्या सकाळी ब्रेडच्या गाडीतून पाठवतो. पोस्टाने नको, पोस्ट माझंच आहे आणि मला त्याचा भरवसा नाही. ट्रेव्हरला आणि कोंबड्यांना आशीर्वाद. कंबरेला गरम पिशवी लावत जा.

आपला भाचा
क्लॅरी

ता. क. तुमची घडीची खुर्ची घेऊन शनिवारी सामन्याला याच. एरवी तुम्ही खाणावळीच्या खिडकीत बसता, तिथून काही दिसत नाही. आमच्या गोलच्या मागे, खांबांच्या अगदी जवळ बसा, आणि ब्रॉडीला दिसेल असं बसा. भर बाजारात तुम्ही त्याला नाक पुसायला लावता हे मी पाहिलं आहे. तो या जगात घाबरतो ते तुम्हालाच. (आणि साबणाला, पण साबण मी आणू शकत नाही.)

दुसरा ता. क. खरं काम हे. जर्सी धुऊन त्या खोलीत खुंटीला लावायच्या म्हणून शुक्रवारी संध्याकाळी किल्ली तुमच्याकडे असते. जर्सी लावताना दारावरचा तो कागद पडला, ओला झाला, कुठे टोपलीत गेला, तर तुमच्या वयाच्या बाईला कोण काय विचारणार? चार टाचण्या आहेत, असं वॉलेस म्हणाला. चष्मा न्या.

तिसरा ता. क. दुसरा ता. क. तुम्हाला पटणार नाही, हे लिहितानाच कळलं. तुम्ही म्हणाल, लिहिलंस ते भोग. म्हणून एक आठवण करून देतो. सावलीतल्या मेंढ्या माझ्या आहेत, त्या मी नाकारत नाही. पण साबण आणि मोजे मला ईस्टरच्या दुपारी कळले, शेरीच्या तिसऱ्या पेल्यानंतर, आणि त्या खोलीत आपण दोघंच होतो. वार्ताहराने आपल्याला बातमी कुणी दिली ते सांगू नये हे मला मान्य आहे, आणि कुंपणाच्या बाहेर मी ते आयुष्यभर पाळलं आहे. पाठीवर ब्रॉडीचे दोन्ही गुडघे आणि कानात त्याचा तो मायेचा आवाज असताना कितपत पाळता येईल, ते सांगवत नाही. तरी खुर्ची गोलच्या मागेच लावा. मी पडेन तेव्हा माझं तोंड त्याच बाजूला असेल, आणि मी काय म्हणतो ते तुम्हाला आधी ऐकू येईल.