आधी वैजनाथचे शेअर, मग लाभांश

मी, भिमाजी सहादेव औताडे, वय ७१, धंदा शेती व कारखानदारी, राहणार नेवासा फाटा, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर, आज बुधवार दिनांक २५ मार्च २०२६ रोजी दुपारी, जेवण करून आणि चष्मा लावून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, भुलवलेले नाही. ही वाक्ये सगळेच लिहितात, मला ती ठासून लिहावी लागतात, कारण माझा एकुलता मुलगा पार्थ आज सकाळी तोंडावर म्हणाला, "अण्णा, तुमचं डोकं फिरलंय, हे मी कोर्टात दाखवीन." म्हणून डॉक्टरांचा आजचाच दाखला सोबत जोडला आहे. सोमवारी नगरला माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. त्यातून उठलो तर हा कागद पेटीत पडून राहील. मला भीती वाटते, हेही लिहून ठेवतो.

१. राहते घर व त्यातील सर्व चीजवस्तू माझी पत्नी केशरबाई हिला द्यावी. तिच्या हयातीत घर विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि तिला विचारल्याशिवाय रंगसुद्धा देऊ नये.

२. दोन एकर शेत पार्थला. बांधावरच्या चिंचेचा निम्मा माल दरवर्षी आईकडे पोचता करावा.

३. बँकेतील ठेवींपैकी आज सकाळी ज्या मोडल्या त्या सोडून बाकीच्या केशरबाईला. का मोडल्या ते कलम ७ मध्ये येईल.

४. जड वजन उचलायची माझी चेन-पुली शेजारच्या आसारामने सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी नेली, ती अजून त्याच्याच गोठ्यात टांगलेली आहे. ती त्याच्याकडून मागू नये. मी त्याला माफ केलेले नाही, पण दुसऱ्याची वस्तू ठेवून घेण्याबद्दल बोलायला मला तोंड नाही.

५. आता कंपनीविषयी. रास ट्रेलर्स प्रायव्हेट लिमिटेड ही उसाच्या ट्रॉल्या बनवणारी कंपनी मी आणि वैजनाथ गायके यांनी २००९ साली काढली. पैसा बराचसा माझा. वेल्डिंगची कला, मशीन आणि रस्त्याकडेची जागा त्याची. शेअर साठ टक्के माझे, चाळीस त्याचे. आम्ही दोघे शेतकरी. नफा झाला म्हणजे खळ्यावर रास पडली, एवढेच आम्हाला कळत होते. पहिला नफा झाला तेव्हा पाडव्याच्या दिवशी आम्ही बँकेतून रोकड काढून आणली, शेडमध्ये पोते अंथरले, नारळ फोडला आणि रास वाटतात तशी नोटांची वाटणी केली. बलुत्यासारखे चार पैसे कामगारांनाही दिले. ठराव नाही, पावती नाही, कर भरलेला नाही. कंपनीचा पैसा कंपनीचा असतो, मालकालाही तो लाभांश म्हणून रीतसर ठराव करूनच घ्यावा लागतो, हे आम्हाला आयकराची नोटीस आल्यावर समजले.

चेकवर सह्या दोघांच्या होत्या. आयकराच्या साहेबांनी विचारले, "कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" मी म्हणालो, "वैजनाथच्या." हे खोटे होते. पोते मीच अंथरले होते.

वैजनाथ माझ्या शेजारीच बसला होता. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाला, "भिमा, तुझ्या मागं पोरगं हाय शिकायचं. मी व्हतो बाजूला." त्याने डायरेक्टरपद सोडले आणि नोटीस मिटेपर्यंत म्हणून आपले शेअर माझ्या नावे केले. कंपनीला दोन डायरेक्टर लागतातच, म्हणून त्याच्या जागी केशरबाईचे नाव घातले. शेअर परत द्यायचे असे मी त्याला साध्या कागदावर लिहून दिले. त्याने तो कागदही माझ्याच पेटीत ठेवायला दिला.

नोटीस २०१३ साली दंड भरून मिटली. शेअर मी परत केले नाहीत. आधी म्हणालो पुढच्या मार्चला करू, मग त्याच्या पुढच्या. दर मार्चअखेर लाभांशाचा ठराव व्हायचा आणि शंभर टक्के माझ्या खात्यात जमा व्हायचा. वैजनाथ त्याच शेडमध्ये पगारावर वेल्डिंग करत राहिला. पार्थला वेल्डिंगचा होल्डर धरायला त्यानेच शिकवले. २०२१ मध्ये तो गेला. त्याच्या दहाव्याला त्याच्या बायकोने, गोजरबाईंनी, मला विचारले, "भावजी, ह्यांचा कागुद तुमच्यापाशी हाय नव्हं?" मी म्हणालो, "शोधतो." पेटीची किल्ली तेव्हा माझ्या कमरेला होती. मला या एका शब्दाची जितकी लाज वाटते तितकी त्या खोट्याचीही वाटत नाही.

६. ऑपरेशनची तारीख मिळाल्यावर मी घरात सांगितले की ते शेअर गोजरबाईंना मृत्युपत्राने देतो. पार्थ आता कंपनीचा तिसरा डायरेक्टर आहे. त्याने विरोध केला नाही. उलट आज सकाळी घरी ठरलेल्या बोर्डाच्या मीटिंगचा कागद स्वतः तयार केला. विषय पहिला: कंपनीत साठलेला सगळा नफा अंतरिम लाभांश म्हणून वाटणे. विषय दुसरा: अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय. मी विचारले, "सगळा का?" तेव्हा त्याने मोकळेपणाने सांगितले, "आज शेअर तुमच्या नावावर हायेत, तर लाभांश तुमचा. तो काढून घ्या. मग तिला शेअर द्या नायतर काही द्या. रस आपला, चिपाड तिचं."

मला राग आला. पार्थने दहा वर्षे कंपनीसाठी गावोगाव फिरून ऑर्डरी आणल्या, हे खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. पण हे डोके त्याला माझ्याकडूनच मिळाले, हे मला त्या क्षणी दिसले.

मी म्हणालो, "विषय बदल. आधी वैजनाथचे शेअर, मग लाभांश." हस्तांतराचा फॉर्म मी काल रात्रीच सही करून ठेवला होता, तो टेबलावर ठेवला. त्यावर बोर्डाची मंजुरी एवढीच बाकी होती.

पार्थ उठला. "बोर्डाला दोन डायरेक्टर लागत्यात, अण्णा. मी चाललो. आता घ्या मीटिंग." त्याने गाडीची किल्ली उचलली. मी एकटा बसलो होतो. सोमवार डोळ्यांसमोर दिसत होता.

केशरबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने तो खाली ठेवला आणि पार्थच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. "मी हाय की. पंधरा वर्सं झाली, कंपनीचे कागुद आणून मला सही कर म्हनताय. वैजनाथ भावजींच्या जागेवर बसवलं मला, व्हय ना? मग त्यांचं त्यांना द्यायला मी न्हाई तर कोन?" मग पार्थकडे पाहून म्हणाली, "जा तू. चहा घिऊन जा."

तो चहा न घेता गेला. आम्ही दोघांनी ठराव केला, पहिला हस्तांतराचा आणि दुसरा लाभांशाचा. निम्मा नफा वाटायचा, निम्मा कंपनीत ठेवायचा. आमचे हिशेबनीस भागवत यांनी रजिस्टरमध्ये गोजरबाईंचे नाव चढवले आणि मगच कर कापून लाभांशाची रक्कम वेगळ्या खात्यात टाकली.

७. मोडलेल्या ठेवी म्हणजे वैजनाथच्या शेअरवर मी बारा वर्षे घेतलेला लाभांश. तो आज गोजरबाईंच्या खात्यात जमा केला. व्याज किती धरावे ते मला ठरवता आले नाही. भागवतने सांगितले त्याच्या दुप्पट धरले.

८. माझे साठ टक्के शेअर पार्थ व केशरबाई यांना निम्मे निम्मे. पार्थ, आता तुला आई किंवा गोजरबाई यांच्यापैकी एकीला तरी पटवल्याशिवाय ठराव करता येणार नाही. हे शिक्षा म्हणून केलेले नाही. मला अडवणारे कोणी नव्हते, म्हणून माझ्या हातून असे झाले.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भागवत यांनी करावी.

१०. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, असे वकिलांनी बजावले आहे. श्रीमती गोजरबाई गायके यांना मी या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. त्यांचे होते ते त्यांच्याकडे गेले आहे. म्हणून एक साक्ष त्यांची. साक्षीचा तेवढा मजकूर वकिलांच्या हातचा आहे. त्यांनी गोजरबाईंच्या धंद्याच्या रकान्यात 'घरकाम' लिहून दिले होते, ते मी खोडले असून त्या खाडाखोडीवर आम्हा तिघांच्या सह्या आहेत.

ठिकाण: नेवासा फाटा
दिनांक: २५ मार्च २०२६

(सही) भिमाजी सहादेव औताडे

भिमाजी औताडे यांनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केल्या.

साक्षीदार १: (सही) भागवत रामभाऊ जंगले, धंदा हिशेबनीस

साक्षीदार २: (सही) गोजरबाई वैजनाथ गायके, धंदा <s>घरकाम</s> भागधारक, रास ट्रेलर्स प्रायव्हेट लिमिटेड