बारा निळ्या नळ्या

हिंगणघाट,
१६ फेब्रुवारी २००३

प्रिय सदाशिव,

तुझं पत्र आलं तेव्हा अनुसयाबाई समोरच बसल्या होत्या. त्या उठून जाईपर्यंत मी ते फोडलं नाही.

जिनिंगमध्ये आम्ही दोघींनी वीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली. माझ्या भावानं श्वासाच्या स्नायूंना व्यायाम देणारं यंत्र शोधलं, म्हणून मी गल्लीभर मिरवले. तू बारा जणींना निळ्या नळ्या दिल्यास. निम्म्यांत श्वास जोरानं ओढायला लावणारी झडप, निम्म्या तुलनेसाठी रिकाम्या. कोणाची कोणती ते विचारायचं नाही, असं बजावलंस.

पण आम्ही दोघी सकाळी ओट्यावर बसून बरोबरच श्वास ओढायचो. त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणायच्या. "मले तं लयच जोर लागून राह्यला, मीराबाई. तुम्ही तं शरबत पेल्यावानी ओढता!" मी हसले, पण मनात किडा शिरला. चिठ्ठ्या टाकल्या म्हणालास, पण डबा तुझ्याच हातात होता. लहानपणी पंच झालास की आधी मलाच बाद करायचास, कोणी बहिणीची बाजू घेतली म्हणू नये म्हणून. ही रिकामी नळीही तशीच मिळाली असेल, असं वाटलं. अजूनही वाटतं.

आता तू लिहितोस, माझी नळी रिकामी असूनही माझा श्वास सगळ्यांत जास्त वाढला आणि झडप असून अनुसयाबाई होत्या तिथंच राहिल्या. आम्हा दोघींच्या आकड्यांनी निकाल फिरला, म्हणून यंत्राचं काम बंद करतोयस.

बंद करू नकोस. दुसऱ्याच आठवड्यात अनुसयाबाई आपली नळी माझ्याकडे ठेवून केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेल्या होत्या. मी चहाच्या वाफेवर दोन्ही नळ्यांवरचे नंबरांचे कागद सोडवले आणि अदलाबदल करून खळीनं चिकटवले. पाच महिने तुझी झडप मी ओढली. मी आता भरली बादली घेऊन जिना चढते. अनुसयाबाई तिसऱ्या पायरीवर बसतात आणि म्हणतात, "माह्या छातीतच खोट असन. तुमच्या भावाची मशीन चांगली हाये." नळी परत करायला तीनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि तशीच परत आले. त्यांच्यासाठी झडपेची नळी घेऊन ये. पोस्टानं माझ्या पत्त्यावर पाठवू नकोस, त्यांच्या हातात दे.

तुझीच,
मीराताई