पंचेचाळीस मिनिटं

१२ जानेवारी २०२५, रविवार

हाड मेलंय!

डॉक्टर असंच म्हणाले. शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर दवाखाना. दाजींचा हात माझ्या खांद्यावर घेऊन जिना चढलो, मधे तीनदा थांबलो. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. उजव्या खुब्याचा गोळा — रक्त पोचत नाही, आतून ठिसूळ झालाय, कधी खचेल सांगता येत नाही. डाव्यातही सुरुवात. एक्केचाळीस वर्षांचा माणूस!

"वजन उचलायचं नाही, उकिडवं बसायचं नाही."

दाजी हसले. "मग म्हस काय उभ्यानं पिळू व्हय?"

आक्का हसली नाही.

डॉक्टरांनी विचारलं, कधी पाणबुड्याचं काम केलंय का? दाजी म्हणाले, "पाणी न्हाय, हवा. मेट्रोच्या बोगद्यात हुतो." मग डॉक्टर बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. मी खिडकीतून खाली बघत राहिलो. खाली एक माणूस टेम्पोत पत्रे भरत होता. सगळे पत्रे मोजून झाले तरी मागं वळायचं धाडस होईना.

१३ जानेवारी

कारण मला माहीत आहे. या घरात दुसऱ्या कुणाला नाही. कुणाला सांगू? म्हणून ही वही.

१५ जानेवारी, बुधवार

एकदा सगळं लिहून टाकतो.

मेट्रोचा मार्ग पुढं वाढवायचं काम, सगळं शहराच्या पोटातून. बोगदा खोदणारं मशीन रेल्वेच्या चार-पाच डब्यांएवढं लांब. पुढं चाकासारखं तोंड, त्यात कटर. कटर झिजले की माणसं पार तोंडाशी जाऊन ते बदलतात. समोरचा चिखल आत घुसू नये म्हणून तिथं हवा दाबून भरलेली असते. त्या हवेत तीन-तीन तास राबायचं. मग बाहेर येताना लोखंडी खोलीत बसायचं आणि दाब हळूहळू उतरवायचा. घाई केली की रक्तात बुडबुडे होतात, सांध्यात अडकतात. त्या खोलीचा व्हॉल्व्ह माझ्या हातात. तेवढंच माझं काम — घाई न करणं!

दाजींना तिकडं मीच नेलं. उद्यमनगरात फिटर होते, हात सोन्यासारखा. आक्का नको म्हणत होती. मी म्हणालो, मी आहे की तिथं.

गेल्या वर्षीची २१ ऑगस्टची दुपार. मशीन पाच दिवस अडकलेलं. वर चार मजली जुनी इमारत, भिंतींना तडे, रोज वाढणारे. आतून कटर बदलून दाजी आणि झारखंडचे दोघं खोलीत येऊन बसले. पुढची तुकडी बाहेर तयार. खोली एकच; हे बाहेर आल्याशिवाय ते आत जाणार नाहीत, आणि मशीन हलणार नाही. वृषभ सर — आमच्या पाळीचे इंजिनिअर, आपल्या कोल्हापूरचेच — फोन कानाला लावून धावत आले. तोंड पांढरंफटक.

"सयाजी, काढ त्यांना. वर इमारत हलायला लागलीय."

मी म्हटलं, सर, एक तास चाळीस मिनिटं लागतात.

"काढ म्हणतोय ना!"

पंचेचाळीस मिनिटांत काढलं. रजिस्टरात एक तास चाळीस लिहिलं. माझ्या अक्षरात, माझी सही.

दाजी बाहेर आले, माझ्या पाठीवर थाप मारली. "आज लवकर सोडलंसा की पावणं!"

तासाभरात गुडघा धरून बसले. अशा वेळी माणसाला परत खोलीत घालून दाब चढवायचा असतो. मला पाठ आहे ते. पण खोलीत दुसरी तुकडी. दुखण्याची गोळी दिली. तीही मीच दिली.

१९ जानेवारी

दाजींना चालवेना म्हणून दिवाळीला दोघं घरी आलो, ते इथंच आहोत. आक्का पहाटे दोन्ही म्हशी पिळते, डेअरीला दूध घालून येते, मग वैरण, मग स्वयंपाक. दाजी गोठ्याच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून सांगत असतात — "आगं, तिच्या डाव्या अंगानं जा की." आक्का म्हणते, "गप बसा, मला येतंय."

आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा. आक्काचं नुकतंच लग्न झालेलं. दाजींनी मला सायकलवर बसवून कोडोलीला आणलं. आयटीआयला त्यांनीच घातलं. पोरगं परकं आहे असं या घरात कुणी एकदाही बोललं नाही.

२० जानेवारी

म्हैस पिळायला शिकायला बसलो. लाथ बसली, बादली उलटली. दाजी पोट धरून हसले. आक्का पण हसली, कितीतरी दिवसांनी. मी उठून मागं गेलो. त्यांचं हसू ऐकवत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांचा कागद पाठवला होता, त्यावर कंपनीचं पत्र आलं. इंग्रजीत. आक्का म्हणाली, वाच. वाचलं. सदर कामगाराचा आजार कामामुळे झालेला नसून दीर्घकाळ मद्यसेवनामुळे झाला असण्याची शक्यता आहे. दाब उतरवण्याची प्रक्रिया रजिस्टरप्रमाणे पूर्ण वेळ पाळली आहे.

मद्यसेवन! माळकऱ्यालाही लाजवेल असा माणूस!

आक्का चुलीपुढून उठून आली. "काय लिवलंय? दारू? आरं, ताकाशिवाय काय पेलाय का ह्यो माणूस जन्मात?" पत्र घेऊन दारात उभी राहिली, शेजारच्या बनाबाईला ऐकू जाईल अशी ओरडली. दाजी आतून म्हणत होते, "ऱ्हाऊ दे गं. ऱ्हाऊ दे." त्यांचा आवाज मला बदललेला वाटला. दुखणं सोसलं त्यांनी, हे नाही सोसवलं.

'रजिस्टरप्रमाणे.' ते माझंच अक्षर आता त्यांना दारुडा म्हणतंय.

२८ जानेवारी

दाजी जेवले नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार

वृषभ सरांचा फोन. सुट्टीवर कोल्हापूरला आलेत, भेट म्हणाले. शाहूपुरीत हॉटेलात बसलो. खूप वाळलेत. चहा तसाच निवत होता.

"वर बावन्न माणसं राहत होती, सयाजी. लहान पोरं होती. ती वाचली. एवढं लक्षात ठेव."

मी म्हटलं, ठेवतो. तेच धरून इतके महिने काढलेत मी. तेवढाच आधार होता! मग माझ्या तोंडून गेलं — सर, मग इमारत रिकामी का नाही केली? पाच दिवस तडे वाढत होते. बावन्न माणसं बाहेर काढायला किती वेळ लागतो?

ते चमचा नुसता फिरवत होते.

"रिकामी केली असती तर बातमी झाली असती. काम थांबवलं असतं. वरून सांगितलं होतं, बोभाटा नको."

म्हणजे त्या पोरांसाठी नाही. बोभाटा होऊ नये म्हणून.

"माझं लग्न ठरलंय रे," सर म्हणाले. "चौकशी झाली तर रजिस्टर बरोबर आहे एवढंच सांग. तुझ्या दाजींना, केरबांना, स्टोअरमध्ये बसून करायचं काम लावून देतो. माझा शब्द." त्यांचे डोळे भरले होते. खोटे नव्हते. मला राग यायला हवा होता, आला नाही. ते व्हॉल्व्हजवळ नव्हते. मी होतो.

५ फेब्रुवारी

मशीन बाहेर आलं! ग्रुपवर फोटो — तोंडाला झेंडूच्या माळा, पुढं फुटलेले नारळ, सगळे हात वर करून हसतायत. दाजींनी माझा मोबाइल घेतला, फोटो मोठा करून बघितला. "तो खालचा कटर मी बशीवलाय," म्हणाले. कौतुकानं!

९ फेब्रुवारी, रविवार

आत तिघं होते. दाजींच्या नादात बाकीच्या दोघांचा विचारच केला नव्हता. लाज वाटली. झारखंडच्या दोघांतल्या मंगराला फोन लावला. भावानं उचलला. "भैया का दोनों कंधा खराब हो गया। हाथ ऊपर नहीं जाता। कुर्ता भी हम पहनाते हैं।" मग विचारलं, "आप कौन?"

फोन ठेवला. दुसऱ्याचा नंबर बंद आहे.

कुणीच उरला नाही म्हणजे. मीच तेवढा धडधाकट!

११ फेब्रुवारी

दाजी मोरीत पडले. आवाज आला — लाकूड मोडल्यासारखा. खुबा खचला. डॉक्टर म्हणतात गोळा काढून धातूचा बसवायचा, आणि पुढंमागं दुसरा पण. आक्कानं फक्त विचारलं, "मग चालतील का?" डॉक्टर म्हणाले, "चालतील. पण पहिल्यासारखं काम नाही."

आज दिवसभर एकच मनात येतंय. मी त्या दिवशी हात बांधून बसलो असतो तर? सरांनी दुसरा कुणी लावला असता. पण तो मी नसतो. एवढंच म्हणायला पाहिजे होतं — नाही काढत. दोन शब्द. इतकं सोपं होतं ते!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सांगितलं.

दाजी दवाखान्यात, सोबतीला त्यांचा भाऊ. आक्का आणि मी दूध काढायला घरी आलो होतो. ती बादली धूत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. नळ चालूच.

मग तिनं विचारलं, "किती मिन्टं?"

"पंचेचाळीस."

"आन लिवलंस किती?"

"एक तास चाळीस."

"गोळी कुणी दिली?"

"मीच."

"तुज्या दाजीला ठाव हाय?"

"नाही."

तिनं नळ बंद केला. बादली पालथी घातली. पदरानं हात पुसले, एकेक बोट.

"दिवाळीपास्नं माझ्या हातचं खातोयस," म्हणाली. एवढंच. आत गेली आणि दार लावून घेतलं.

मला वाटलं होतं सांगितल्यावर हलकं वाटेल. काही वाटत नाही.

१५ फेब्रुवारी

गोठ्यात झोपलो. सकाळी उंबऱ्यावर ताट होतं, झाकलेलं. वाढणारी दिसली नाही. ताट परत ठेवायची हिंमत नाही झाली. कसंबसं संपवलं.

दुपारी दवाखान्यात गेलो. तिनं दाजींना सांगितलं होतं. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी पायथ्याशी उभा. तसेच म्हणाले, "मी तुमची पाठ थोपाटली हुती, सयाजी."

पावणं नाही म्हणाले.

आक्का कॉटजवळ होती. दाजी तिला म्हणाले, "झालं ते झालं. पोरगं हाय. कुठं काय बोलू नकोस, त्येला आत टाकतील." आक्का म्हणाली, "आन तुमाला दारुडा म्हणत्यात ते?" दाजींनी डोळे मिटले.

मी म्हणालो, आक्का, तू म्हणशील ते करतो. तिनं माझ्याकडं बघितलंच नाही.

१६ फेब्रुवारी

आजही उंबऱ्यावर ताट आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आक्का गोठ्याच्या दारात आली. इस्त्रीची साडी, हातात कागद. म्हणाली, "चल." एसटीत पुढच्या सीटवर बसली, मी मागं. कोल्हापुरात कामगारांच्या कचेरीत गेलो. क्लार्कनं अर्ज घेतला, पेन उघडलं. "तक्रार कुणाविरुद्ध?"

आक्कानं माझ्याकडं बोट केलं. "पयल्यांदा ह्येच्या. मग ह्येला ज्यांनी सांगितलं त्येंच्या."

क्लार्क माझ्याकडं बघत राहिला. "हे तुमचे कोण?"

"माझा भाऊ हाय. लिवा."