चारित्र्याचा अर्धा तास

प्रिय वर्ना,

अक्षर बघून दचकू नकोस, डाव्या हाताने लिहिते आहे. तीन वर्षांनी बहिणीचं पत्र आलं आणि तेही कोंबडीने उकरल्यासारखं, म्हणशील. म्हण. उजव्या हाताचं पुढे सांगते. रॉयस कुंपणाची जाळी आणायला गावात गेलाय, मुलं मागच्या खोलीत चर्चच्या नाटकातली वाक्यं घोकताहेत आणि माझ्यासमोर भोपळा शिजतोय. तास-दीड तास मिळेल. मला माझं रडगाणं गायचं नाही. केटूरा आणि आसा यांना अजून वाचवता येईल का, एवढंच विचारायचंय, आणि ते विचारायला तुझ्याशिवाय मला कुणी नाही.

थँक्सगिव्हिंगच्या सणाचा आठवडा तोंडावर आलाय. तू चेष्टा करायचीस ना, तुमच्या घरी कुणी शिंकलं तरी त्याचा धडा होतो म्हणून? ते अजून तसंच आहे. इतिहासाला जहाजातून आलेले पहिले लोक आणि त्यांचा तो उपाशी हिवाळा. गणिताला पम्पकिन-पायची, त्या भोपळ्याच्या गोड पदार्थाची, चौघांची कृती बावीस जणांना पुरवायची. सुलेखनाला कागदाची पानं कातरून त्यांवर आपण कशाकशाबद्दल आभारी आहोत ते लिहायचं आणि फ्रिजवर चिकटवायचं. शास्त्राला टर्की. आमच्या मिझुरीत घरी शिकवणाऱ्यांना तपासायला कुणी येत नाही, पण वर्षाचे हजार तास नोंदवून ठेवावे लागतात, कधी कुणी विचारलंच तर दाखवायला. या वर्षीपासून ही तासांची वही केटूराच लिहिते. विषय, काय शिकलो, किती वेळ. संध्याकाळी माझ्यापुढे धरते आणि मी सही करते. बारा वर्षांच्या मुलीची इतकी टापटीप बघून मी चर्चमध्ये फुशारक्या मारत होते.

अकरा टर्की होत्या यंदा. दोन घरच्या, बाकीच्या चर्चमधल्या लोकांनी सांगून ठेवलेल्या. मागच्या शनिवारी कापल्या. पत्र्याच्या नरसाळ्यात पक्षी उलटा घालायचा, खालून मान बाहेर काढायची, गळ्यावर सुरी, रक्त निथळलं की कढत पाण्याच्या पिंपात बुचकळायचा आणि पिसं उपटायची. रॉयसचा हात या कामात बसलेला आहे, एका फटक्यात करतो. नववा पक्षी होईपर्यंत गवत इतकं निसरडं झालं होतं की मी दोनदा घसरले. तेवढ्यात चर्चचे कारभारी हॉबर्ट आपला पक्षी न्यायला आले. पाहुणा बघून रॉयसला शिकवायची हुक्की आली. त्याने सुरी आसाच्या हातात दिली. म्हणाला, "आठ वर्षांचा घोडा झालास. तुझ्या वयात मी डुकरं सोलत होतो. चल, ओढ." पक्षी नेमका तोच, आसाच्या हातून दाणे खाणारा. आसाने डोळे मिटून अर्धवट ओढली आणि सुरी टाकून दिली. पक्षी नरसाळ्यातून धडपडत बाहेर पडला आणि अर्धी मान लोंबकळत अंगणभर पळाला. हॉबर्टची विजार गुडघ्यापर्यंत लाल झाली. ते पोट धरून हसले, "रॉयस, पोराला विणायला लोकर-सुया आणून दे रे!" रॉयस त्यांच्याहून मोठ्याने हसला. ते हसू मी ओळखते.

हॉबर्टची गाडी वळणाआड जाईपर्यंत तो हात हलवत उभा होता. मग पक्ष्याच्या डोक्यावर बूट ठेवून त्याने सगळं वजन टाकलं, आणि त्याच पावली येऊन आसाची मानगूट धरली. "सुरीला भितोस काय? थांब, एकदमच सगळी भीती घालवतो." आणि त्याला पिंपाकडे ओढत नेलं. वर्ना, एरवी मी काय करते तेही तुला सांगून टाकते. पट्टा निघाला की मी दुसऱ्या मुलाला मागच्या खोलीत नेते आणि रेडिओ मोठा लावते. ही माझी शूरपणाची हद्द. पण त्या दिवशी वाफ बघून मला काय झालं कोण जाणे, मी जाऊन आसाला खेचलं आणि रॉयसच्या दंडाला चावले. त्याने पोराला सोडलं आणि माझा उजवा हात धरला. कोपरापर्यंत पिंपात. पाच आकडे मोजले, सावकाश, मुलांना दहापर्यंत मोजायला शिकवतात तसे. हात बाहेर काढला तेव्हा बाहीबरोबर कातडी आली. मी ओरडले नाही, कारण मुलं बघत होती. आता वाटतं, ओरडायला हवं होतं.

नंतर त्यानेच मलम लावलं. लावताना रडला. "बघ, काय करायला लावतेस तू मला." दवाखान्यात नेणार नव्हताच, मीही म्हटलं नाही. उरलेले पक्षी त्याने आणि केटूराने साफ केले. संध्याकाळी तिने नेहमीसारखी वही आणली. शास्त्र, पक्ष्याची शरीररचना, तीन तास. मी डाव्या हाताने सही केली.

सोमवारी मला ताप होता. कोचावर पडून होते आणि वर्ग केटूरा घेत होती. तिला ते आवडतं, डोळ्यांवर माझा जुना चष्मा चढवून घेते. बुधवारच्या नाटकात आसाला चारच वाक्यं आहेत आणि तिसरं त्याच्या लक्षात राहत नाही. तिचा आवाज येत होता, "परत. परत म्हण. मठ्ठा, परत." मग घर गप्प झालं. मुलं गप्प झाली की आईने उठावं, एवढं तरी मला कळतं. स्वयंपाकघरात गेले तर किटली उकळत होती, आणि केटूराने आसाचं मनगट किटलीच्या तोटीवर धरलं होतं. मोजत होती. चारवर होती. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत पाच झालं आणि तिने हात सोडला. आसाने ओठ घट्ट मिटून धरले होते, हूं की चूं केलं नाही. मग तिने खण उघडून माझं मलम काढलं, फुंकर घालून लावलं, माझ्याच बँडेजची पट्टी गुंडाळली, त्याच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "मॉमीला सांगायचं नाही हं. तूच चिडवलंस ना मला? आता शहाण्यासारखा वाग, डॅडी यायच्या आत." मोजणं त्याचं होतं, वर्ना. पण पुढचं सगळं, शब्द, सूर, केसांवरचा हात, सगळं माझं होतं.

मी तिला मारलं. आजवर कधी बोट लावलं नव्हतं, पण त्या क्षणी डावा हात असा उठला की ती फ्रिजवर जाऊन आदळली आणि आभाराची पानं खाली गळली. तिचा ओठ फुटला. ती रडली नाही. माझ्याकडे इतकी शांत बघत होती, जणू मी तिला हवं ते उत्तर दिलं होतं. मग तिने ओठ पुसला, पानं गोळा करून परत चिकटवली आणि संध्याकाळी वही घेऊन आली. चारित्र्य, अर्धा तास. समोर लिहिलं होतं, आसा ओरडला नाही. म्हणाली, "सही कर ना मॉमी, अर्धा तास भरलाय."

घरी शिकवण्यात खोट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या गटातल्या ओपल डॅगेटची पाच पोरं बघ, सोन्यासारखी आहेत. खोट आमच्या घरात आहे. रॉयसला शिव्या द्यायला मला आवडेल, आणि मी देतेही, भांडी घासताना, मनातल्या मनात. पण तो मारायचा आणि मी झाकायचे, असं दोघांनी मिळून शिकवलं, आणि मुलगी दोन्ही विषयांत पहिली आली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आसा अजून आठ वर्षांचा आहे. आणखी चार वर्षांनी तो कुणाचं मनगट धरेल? आणि कुठल्याच शाळेच्या हजेरीत या दोघांची नावं नाहीत. उद्या ती दिसेनाशी झाली तर कुठलीही बाई वर्गात विचारणार नाही, आज आसा का आला नाही म्हणून.

आता नीट वाच. पुढच्या बुधवारी, म्हणजे थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, रॉयस सकाळी आठला त्याच्या आईला आणायला जॉप्लिनला जाईल. दोनच्या आत येणार नाही. ओपल आम्हाला नाटकासाठी चर्चच्या हॉलवर नेईल. अकराला तू तुझी गाडी हॉलच्या मागे, स्वयंपाकघराच्या दाराशी लाव. पत्र ओपलच टाकणार आहे. तिला काही माहीत नाही, आत क्रॅनबेरीच्या चटणीची कृती आहे असं सांगितलंय. सोबत दोघांचे जन्मदाखले आहेत आणि मुलं तुझ्याकडे राहावीत असा माझ्या सहीचा कागद. सही वाकडी आहे, पण माझीच आहे. बारापर्यंत आम्ही दिसलो नाही तर घरी एकटी येऊ नकोस, शेरिफच्या पोलिसांकडे जा. मला ठाऊक आहे, हे सांगायला मला तोंड नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या गळ्यावरचे बोटांचे वळ बघून तू त्यांनाच बोलावलं होतंस, आणि मी दारात उभी राहून हसत सांगितलं की माझी बहीण प्यायलेली आहे. तेव्हा तू दारू सोडून चार वर्षं झाली होती, वर्ना. मला ते माहीत होतं, म्हणूनच ते सांगितलं, कारण तेच पटलं असतं. माफी भेटल्यावर मागेन. पण मला माझा भरवसा नाही, म्हणून हे पत्र. बुधवारी मी तशीच हसत बाहेर आले आणि म्हणाले, उगाच तमाशा करू नकोस, सगळं ठीक आहे, तर माझ्याशी वाद घालत बसू नकोस. मुलांना गाडीत घाल, दारं लाव आणि निघ.

तुझीच,
मार्ला